घरच्यांना काय सांगशील?

चादर बदलायला दोन माणसं लागतात, हे हल्ली कुणाला पटवून द्यायची सोय राहिलेली नाही. इलॅस्टिकच्या चादरी आल्या आणि लोक गादीला टोपडं घालावं तशी चादर चढवून मोकळे होतात. आमच्या वेळी पलंगाच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहायच्या. ताणायचं, दुमडायचं, खोचायचं. कोपरा पाकिटासारखा बंद व्हायला हवा आणि मधे एक सुरकुती दिसता कामा नये. इतकी सुरेख झालेली गादी पाहून तिच्यावर पेशंट झोपवणं अगदी जिवावर यायचं.

माझ्या समोरच्या बाजूला नेहमी भोंगा असायची.

हे काही तिचं खरं नाव नव्हे. नर्सिंगच्या हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना नावं ठेवून झाली होती. मी काडीसारखी, म्हणून पेन्सिल. तिचा आवाज दुसऱ्या मजल्यावरून थेट फाटकापर्यंत जायचा, म्हणून ती भोंगा. पुढे ती वॉर्डची इन्चार्ज सिस्टर झाली, मी नर्सिंगच्या शाळेत शिकवायला लागले, लग्नं झाली, केस पिकले, दोघी रिटायर झालो. तरी ती मला पेन्सिलच म्हणायची. माझा आताचा घेर बघता ती निव्वळ थट्टा होती, पण मला ती आवडायची.

तर अशा भोंग्याचा आवाज गेला. पक्षाघाताचा झटका आला, मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं थांबलं. मी तेव्हा माझ्या मुलाकडे दूर होते, माझंच ऑपरेशन होऊन पडले होते. परत आल्यावर तिच्या मुलीला फोन केला.

"मावशी, तू येऊन भेटून जा," मुलगी म्हणाली. "पण फार अपेक्षा ठेवून येऊ नकोस. आई आता आपल्यात नाही, असंच समज."

"अगं, असं काय बोलतेस? जिवंत आहे ना ती?"

"आहे गं. पण तिला काही कळत नाही. एकच शब्द बोलते. आणि सोमवारी तिला ठेवणार आहोत एका ठिकाणी. चांगलं आहे, नर्स असतात, बाग आहे. माझी रजा संपलीय मावशी, मी तरी काय करू?"

"तिला विचारलंस?"

"विचारलं ना. 'तिथे जायचं का?' म्हटलं तर मान डोलावते. 'नको जायला?' म्हटलं तरी मान डोलावते. आता कुणाला विचारू, सांग."

मी फोन ठेवला. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या वतीने भांडणं केली, तिच्याच वतीने बोलायला कुणी नव्हतं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. नक्की कुणाचा, ते सांगता येणार नाही.

तिच्या घरी जाताना वाटेत मला आमची जुनी शाळा आठवत राहिली. लांबच लांब व्हरांडा, फिनेलचा वास, एका रांगेत वाळत घातलेले पांढरे ॲप्रन, आणि शब्द. देवा रे, काय ते शब्द! मी लहान गावातून आलेली. मूळव्याध आणि कावीळ याच्या पुढे माझी मजल नव्हती. इथे पहिल्याच दिवशी फळ्यावर असे शब्द की वाचता वाचता मधे एकदा श्वास घ्यावा लागे. पहिल्या चाचणीत मला इतके कमी गुण पडले की मी खोलीत आले आणि सरळ ट्रंक भरायला घेतली. भोंग्याशी तोवर माझी फारशी ओळखसुद्धा नव्हती. ती आली, तिने एकदा माझ्याकडे बघितलं, ट्रंकेचं झाकण लावलं आणि वर मांडी घालून बसली.

"ऊठ," मी म्हणाले.

"ऊठ म्हणालीस तर चावीन," ती म्हणाली.

जेवणाची घंटा झाली तरी ती उठली नाही. शेवटी मलाच हसू फुटलं. ती त्या दिवशी उठली असती तर मी आज कुठे असते, याचा विचार मी पुष्कळदा केलेला आहे.

आम्हाला ते शब्द शिकवायच्या ट्यूटरबाई. त्यांना आम्ही मागे आयटिसबाई म्हणायचो, कारण 'आयटिस' म्हणजे दाह हे त्यांनी आमच्याकडून इतक्या वेळा घोकून घेतलं होतं की स्वप्नातही आम्हाला कसला ना कसला दाह व्हायचा. बाई बुटक्या, कडक, आणि चष्म्यावरून बघणाऱ्या. त्या म्हणायच्या, "शब्दाला घाबरता कशाला? कितीही लांब असला तरी त्याला डोकं, पोट आणि शेपूट एवढंच असतं. आधी शेपूट धरा. शेपटात 'एक्टोमी' दिसली की काहीतरी कापून काढलंय. 'मेगली' दिसली की काहीतरी मोठं झालंय. मग पुढे जाऊन बघा काय ते."

त्यांचा वर्गातला तास वेगळा आणि गादीचा तास वेगळा. रोज सकाळी वॉर्डातल्या चादरी बदलायच्या असत. बाईंचं म्हणणं, या कामाला हात पुरतात, डोकं रिकामं राहतं आणि रिकामं डोकं मुलींना परवडत नाही. म्हणून ताणताना एकीने शब्द टाकायचा, दुमडताना दुसरीने त्याचे तुकडे सांगायचे.

"टॅकीकार्डिया."

"टॅकी, जलद. कार्डिया, हृदय."

भोंगा मात्र हृदय म्हणायची नाही. ती म्हणायची, "कार्डिया, काळीज." बाई ओरडायच्या, "हृदय म्हण! परीक्षेत काळीज लिहिलंस तर शून्य देतील." ती "हो बाई" म्हणायची आणि पुढच्या पलंगाशी पुन्हा काळीज. बाईंनी शेवटी नाद सोडला.

पण खरा प्रश्न तिसरा होता. तो सुरू झाला त्यालाही कारण घडलं. आमच्यातल्या एकीने एका म्हाताऱ्या बापाला सांगितलं, "तुमच्या मुलीला गॅस्ट्रायटिस आहे," आणि ती निघून गेली. म्हातारा जिन्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडत होता. त्याला वाटलं, पोरगी हातची गेली. तिच्या पोटात जरा जळजळत होतं, एवढीच गोष्ट. बाईंच्या कानावर गेल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं.

"शब्द फेकून निघून जायला तुम्ही काय पेपर टाकणाऱ्या आहात?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. "शब्द आपल्यासाठी असतो. त्याचा अर्थ त्या माणसासाठी असतो. तो त्याचा आहे, तो त्याला देऊन मगच पुढे जायचं."

त्या दिवसापासून शेवटचा कोपरा खोचताना पहिलीने विचारायचं, "घरच्यांना काय सांगशील?" आणि दुसरीने सरळ उभं राहून पलंगाच्या पायथ्याकडे बघायचं. तिथे पेशंटचं माणूस उभं आहे असं धरायचं. बोलायचं ते त्याच्याकडे बघून, आणि पुस्तकातला एक शब्दही न वापरता. हे पाठ करायची सोय नव्हती, कारण बाई रोज माणूस बदलायच्या. आज आई उभी आहे, उद्या धाकटा भाऊ, परवा बहिरे आजोबा. प्रत्येक वेळी नव्याने जुळवावं लागे. मला तर घाम फुटायचा. भोंगा यात पटाईत. डिस्प्निया म्हटलं की ती म्हणे, "आजोबा, त्यांना धाप लागतेय. उशी उंच केलीय, मी इथेच आहे." ॲनोरेक्सिया म्हटलं की, "ताट समोर आलं की तोंड फिरवतेय हो. रागावू नका, चमचाभर दिलंत तरी चालेल." एकदा इन्सोम्निया आला तर म्हणाली, "रात्रपाळीची सिस्टर झोपली, तरी तुमचे काका जागेच!" बाईंनी फाइल तोंडापुढे धरली, पण त्यांचे खांदे हलताना आम्ही पाहिले.

आम्ही ते शब्द हॉस्टेलभर सांडून ठेवले होते. मेसचा चहा ॲनिमिक होता, न्हाणीघरातल्या गळक्या नळाला कायमची सर्दी होती आणि वॉर्डनबाईंच्या रागाला क्रॉनिक म्हणायचं, असं ठरलेलं होतं. पुढे मीही वर्षानुवर्षं हेच शब्द शिकवले. पण माझ्या वर्गाच्या वेळेला गादीचा तास बंद पडला होता. मुली मोबाइलवर शब्द पाठ करायच्या, चटाचट उत्तरं द्यायच्या. हुशार होत्या. तिसरा प्रश्न मात्र मोबाइल विचारत नसे. मी विचारायची, तर म्हणायच्या, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

भोंग्याच्या घराचं दार मुलीने उघडलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, केस कसेबसे बांधलेले. ऑफिसचं काम, आईचं सगळं, रात्रीचं उठणं. पोरगी पार पिचून गेली होती. मी मनात तिच्यासाठी चार खरमरीत वाक्यं जुळवून आणली होती, ती तिथेच गिळली.

खिडकीशी खुर्चीत भोंगा बसली होती. एका बाजूला किंचित कललेली, उजवा हात उशीवर ठेवलेला. कोपऱ्यात एक निळी बॅग भरून तयार होती. मला बघून तिचा चेहरा हलला.

"तेच," ती म्हणाली.

"हेच म्हणते सारखी," मुलगी म्हणाली. "पाणी हवं, तेच. दुखतंय, तेच. रागावली की तेच तेच तेच. डॉक्टर म्हणाले, किती कळतंय ते नक्की सांगता येत नाही."

ती हे सगळं आईच्या डोक्यावरून बोलत होती. भोंगा माझ्याकडे एकटक बघत होती. मी तिचा डावा हात धरला. तिने तो इतका घट्ट दाबला की माझी अंगठी रुतली. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले, माझ्या ऑपरेशनचं, सुनेचं. ती "तेच" म्हणत राहिली. कधी वर चढवून, कधी खाली आणून. वाक्याची चाल अगदी बरोबर होती, फक्त शब्द नव्हते.

मुलगी पलंगावरची चादर बदलायला लागली. मी सवयीने समोरच्या बाजूला गेले. पण माझी कंबर आता वाकत नाही, मी कोपरा नुसता कसाबसा कोंबला.

"तेच!" खुर्चीतून आवाज आला. भोंगा खुर्चीच्या हातावर थापा मारत होती. "तेच तेच तेच!"

"बघितलंस? उगाचच चिडते," मुलगी म्हणाली.

"उगाच नाही गं. माझा कोपरा बघून चिडलीय." मी भोंग्याकडे वळले. "मग ये की! बसल्या जागेवरून हुकूम सोडू नकोस. तू कर."

मुलगी "मावशी, नको" म्हणेपर्यंत भोंगा उठायला लागलीसुद्धा होती. मुलीने धावत जाऊन तिला धरलं, पलंगाशी आणलं. भोंग्याने गुडघे कडेला टेकवले आणि डाव्या हातात चादरीचं टोक घेतलं. मी माझं टोक घेतलं. दोघींनी ताणलं. तिची ओढ अजून तशीच होती. आणि माझ्या तोंडून, काही न ठरवता, आपोआप निघून गेलं:

"टॅकीकार्डिया."

"टॅकी, जलद," भोंगा म्हणाली. "कार्डिया, काळीज."

मुलीच्या हातातून उशीचा अभ्रा खाली पडला.

मी थांबले नाही. थांबले तर तुटेल अशी भीती वाटली. "हेपॅटोमेगली." "हेपॅटो, यकृत. मेगली, मोठं." "नेफ्रेक्टोमी." "नेफ्र, मूत्रपिंड. एक्टोमी, कापून काढलं." शब्द जरा जड, कडा झिजलेले, पण सगळे जागच्या जागी. डोळे चादरीवर, हात दुमडतोय आणि तोंड चाललंय. पलंगापलीकडे आमची जुनी सकाळच उभी होती.

"आई!" मुलगी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "आई, बोलतेयस तू! माझं नाव सांग. सांग ना, माझं नाव काय?"

भोंग्याने तिच्याकडे बघितलं. ओठ हलले. कपाळावर शीर उठली.

"तेच," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

मुलगी उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "मूत्रपिंड येतं तिला," ती म्हणाली. "माझं नाव येत नाही."

मी तिला समजावलं. अगदी खरं ते सांगितलं. हे शब्द आम्ही हातांत मुरवलेले आहेत, ते विचार करून येत नाहीत. अंधारात आपल्याच घराचा जिना उतरताना पाय पायऱ्या शोधत बसत नाहीत, तसे. तुझं नाव मात्र तिला शोधून आणावं लागतं, आणि नेमका तोच रस्ता बंद झालाय.

"म्हणजे पोपटपंचीच," ती डोळे पुसत म्हणाली. "मी म्हणत होते तसंच. तिला कळत काहीच नाही. जाऊ दे मावशी, सोमवारचं ठरलंय ते ठरलंय."

हे सगळं भोंग्यासमोर चाललं होतं. तिची मान खाली गेली. त्या मानेकडे बघून माझ्या काळजात चर्र झालं. ट्रंक भरताना माझीही मान अशीच गेली होती.

एक कोपरा खोचायचा राहिला होता. मला धीर होत नव्हता. तिसरा प्रश्न पाठांतराचा नाही, त्याचं उत्तर मुरलेलं नसतं. तिला ते जमलं नाही तर मुलीची खात्रीच पटणार होती आणि मी माझ्याच हाताने तिची पाठवणी केल्यासारखं झालं असतं. पण गप्प बसले तरी सोमवार येणारच होता.

"भोंगे," मी म्हणाले, "टोक धर."

तिने धरलं.

"अफेजिया."

ती थांबली. तो शब्द तिच्याच केस पेपरवर लिहिलेला होता. इतके दिवस तो तिच्या डोक्यावरून इकडून तिकडे फेकला जात होता.

"अ, नाही," ती सावकाश म्हणाली. "फेजिया, बोलणं."

मी कोपरा खोचला. सरळ उभी राहिले आणि आयटिसबाईंच्या आवाजात विचारलं, "घरच्यांना काय सांगशील?"

ती पलंगाला धरून ताठ व्हायला लागली. व्हायला वेळ लागला. मग तिने मान वळवली. माझ्याकडे नाही, पायथ्याकडे. नियमच तो. तिथे तिची मुलगी उभी होती. भोंगा तिच्याकडे बघत राहिली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "ते," ती म्हणाली, आणि ते तिने हाताने झटकून टाकलं. बाहेर कुणीतरी फाटक लावल्याचा आवाज झाला.

"कळतं," ती म्हणाली.

मग बऱ्याच वेळाने, एकेक शब्द उचलून आणत, "मला... विचार."

पुस्तकातला एक शब्दही न वापरता, घरच्या माणसाकडे बघून सांगितलं होतं. बाई असत्या तर फाइल तोंडापुढे धरून उभ्या राहिल्या असत्या.

"पण कसं विचारू?" मुलगी माझ्याकडे वळली. "मान तर दोन्हीला..."

"तिच्याकडे बघून बोल," मी म्हणाले. "आणि तिच्या मानेवर विसंबू नकोस. मान आणि मन यांची तिच्यात फारकत झालीय. हाताला विचार."

मुलीने ती निळी बॅग उचलून आणली आणि पलंगाशेजारी जमिनीवर ठेवली. स्वतः आईसमोर उभी राहिली. "आई," ती म्हणाली. किती दिवसांनी ती आईला खरोखर काही विचारत होती, हे तिच्या आवाजावरूनच कळलं. "तिकडे जायचं असेल तर बॅगेला हात लाव. इथे राहायचं असेल तर गादीला. तू सांगशील ते. मी रागावणार नाही."

भोंग्याने बॅगेकडे बघितलं. मुलीच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे बघितलं, आणि तिथे तिची नजर बराच वेळ अडकून राहिली. मग तिने डावा हात उघडला आणि नुकत्या ताणलेल्या चादरीवर पालथा ठेवला.

"इथे?" मुलीने विचारलं. "नक्की इथे?"

भोंग्याची मान नाही-नाही म्हणून हलली. हात मात्र गादीवरून तसूभरही सरकला नाही. मुलीला हसू आलं, रडूही आलं, आणि ती आईला बिलगून नुकत्या घातलेल्या गादीवर सरळ बसली. आमच्या काळी याबद्दल आठवडाभर न्हाणीघर धुवावं लागलं असतं. भोंग्याने तिला उठवलं नाही. डाव्या हाताने ती तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"जमेल का मला, मावशी?" मुलगी म्हणाली.

"तुला एकटीला जमणार नाही," मी म्हणाले. "मी रोज सकाळी येईन. चादर बदलायला दोन माणसं लागतात. तुझी आई आणि मी. तोवर तू झोप काढ."

तिने मान हलवली, पण डोळे अजून त्या बॅगेकडे जात होते. संस्थेला कळवायचं, ऑफिसात विचारायचं, शंभर गोष्टी तिच्या डोक्यात चालल्या असणार. तेव्हा मी गेले आणि त्या भरलेल्या बॅगेवर बसले. मांडी घालणं आता मला शक्य नाही, नुसतीच बसले. बॅग करकरली.

"अगं मावशी, चेन तुटेल, ऊठ!" मुलगी म्हणाली.

"ऊठ म्हणालीस तर चावीन," मी म्हणाले.

मुलीला काही कळलं नाही. पण भोंग्याचे डोळे मोठे झाले, तोंड एका बाजूला वाकडं झालं, आणि ती हसली. हसली म्हणजे काय, गडगडली. ते हसणं खिडकीतून थेट फाटकापर्यंत गेलं असणार, कारण रस्त्याने चाललेल्या एका बाईने थांबून वर बघितलं.